सगळं घर एकदम आडवं पडलं तर: फ्लूच्या मोठ्या साथीसाठी गल्लीची तयारी

घरात एकाला फ्लू झाला तर बाकीचे त्याचं सगळं करतात. पेज होते, गोळीची वेळ चुकत नाही, रात्री कपाळाला हात लावून कोणीतरी बघतं. मोठ्या साथीत मात्र एकाच घरातली तिघं-चौघं दोन दिवसांच्या आत अंथरूण धरतात आणि तांब्यातलं पाणी संपलं तरी भरायला कोणी उठू शकत नाही. १९१८ साली जूनमध्ये मुंबईत शिरलेली साथ आधी साधी वाटली. सप्टेंबरात ती उलटून आली तेव्हा महाराष्ट्रानं तिला ‘मानमोडी’ म्हटलं. देशभरात तिनं एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसं नेल्याचे अंदाज आहेत. फ्लूनंतर होणाऱ्या न्यूमोनियावर तेव्हा औषध नव्हतं, आणि घरंच्या घरं झोपल्यामुळे पाणी द्यायलाही माणूस उरला नव्हता.

औषध आता आहे. पाणी देणारा माणूस मात्र आधी ठरवून ठेवावा लागतो. म्हणून या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग गल्लीच्या यादीचा, म्हणजे साथीत कोणी कोणाची चौकशी करायची याचा आहे. आजाराची आणि घरच्या शुश्रूषेची माहिती त्याआधी दिली आहे, कारण यादीवरच्या माणसाला ती पाठ हवी.

फ्लू म्हणजे नेमकं काय

फ्लूच्या विषाणूचे अ, ब, क, ड असे प्रकार आहेत. दरवर्षीचा ताप अ आणि ब आणतात, जगभरची महासाथ फक्त अ आणतो. कारण अ प्रकार माणसांत, डुकरांत, कोंबड्यांत आणि पाणपक्ष्यांत सगळीकडे राहतो, आणि त्याचा आनुवंशिक मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच डुकराला दोन वेगळ्या जातींचा फ्लू एकाच वेळी झाला, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि कोणाच्याच शरीरानं न पाहिलेला विषाणू तयार होऊ शकतो. २००९ चा एच१एन१ अशाच सरमिसळीतून आला. देशातला त्याचा पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात झाला. तो विषाणू आता दर हंगामात फिरणारा नेहमीचा फ्लू झाला आहे, लोक त्याला अजून स्वाइन फ्लूच म्हणतात. डुकराचं शिजवलेलं मटण खाल्ल्यानं तो होत नाही.

दरवर्षी होणारे बारीकसारीक बदल वेगळे. त्यांच्यामुळे मागच्या वर्षीची लस यंदा पुरत नाही आणि एकदा फ्लू झालेल्याला तो पुन्हा होतो.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जोर धरतो. जानेवारी ते मार्च दुसरी, लहान लाट येते. पावसाळ्यातला फ्लू डेंग्यूच्या जोडीनं येतो ही खरी अडचण. फ्लू आदळतो: सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी कणकण येऊन पांघरूण मागतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, कोरडा खोकला आणि घसा सोबत असतो. खोकला-घसा काहीच नाही, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यूची शंका घ्या. शंका फिटेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांतलं काही नको, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. मुलांना तर फ्लूतही अ‍ॅस्पिरिन कधीच देऊ नये. त्यानं यकृत आणि मेंदूवर जीवघेणा परिणाम होऊ शकतो.

लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. माणूस मात्र लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच विषाणू सोडू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस सोडतो, मुलं त्याहून जास्त दिवस. त्यामुळे ‘आजारी दिसला की लांब बसू’ एवढ्यावर भागत नाही.

कोणाला घरी ठेवायचं, कोणाला न्यायचं

२००९ पासून सरकारी दवाखाने फ्लूच्या रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी करतात. विषाणूच्या प्रकारांशी तिची गल्लत करू नका. यादीवरच्या प्रत्येकाला ही वर्गवारी तोंडपाठ हवी.

साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी म्हणजे अ. तपासणी नको, फ्लूची गोळी नको, घरी विश्रांती आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा चौकशी. ताप जोराचा आणि घसा फार दुखत असेल, किंवा रुग्ण पाच वर्षांखालचा, पासष्टच्या पुढचा, गरोदर, किंवा मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड, यकृत, कर्करोग यांतल्या कशाचा असेल, तर ब. हा घरीच राहतो, पण डॉक्टरांना दाखवून ओसेल्टामिव्हिर ही फ्लूची गोळी सुरू करायची. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, मुलांना वजनानुसार. पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. रिकाम्या पोटी मळमळते म्हणून जेवणानंतर द्यावी. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नये आणि उरलेल्या गोळ्या शेजारी वाटू नयेत.

धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर, गुंगी, रक्तदाब उतरणं, मूल काही पीत नाही किंवा हलवूनही नीट जागं होत नाही, हा क. इथे घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन.

एक धोक्याची खूण लोक हमखास चुकवतात. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, आणि दोन-तीन दिवसांनी ताप पुन्हा चढतो, खोकला वाढतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. हा बहुधा वरून झालेला जंतूंचा न्यूमोनिया असतो. तिथे प्रतिजैविक लागतंच, तेही त्याच दिवशी. नुसत्या फ्लूवर मात्र प्रतिजैविक चालत नाही. तोंडानं पिता येणाऱ्याला सलाइन लावूनही काही साधत नाही, आणि स्टेरॉइडची गोळी स्वतःहून घेणं धोक्याचं.

घरची शुश्रूषा

पॅरासिटामॉल मोठ्यांना ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम घेतल्यास मात्रा दुप्पट होते, म्हणून पाकिटावरची नावं वाचा. मुलांत चूक होते ती बाटलीची. एक सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं, दुसरं २५० चं, आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. दर किलोला १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा हिशेब. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीचं ६ मिलिलिटर, दुसरीचं ३, थेंबांचं दीड. ‘मागच्या वेळी एवढंच दिलं होतं’ म्हणून बाटली बदलल्यावरही तेच माप दिलं, की घोटाळा होतो. बाटलीवर मार्करनं मूल, वजन आणि माप लिहून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध नको, थेट दवाखाना.

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. अर्धी पुडी पेल्यात टाकली तर मीठ जास्त होतं. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पेज, वरणाचं पाणी, ताक सगळं चालतं. हळदीचं दूध, काढा घ्यायला हरकत नाही. मुलांना वाफ मात्र देऊ नका, भांडं उलटून भाजण्याचा धोका मोठा आणि फायदा नाही.

मुलाचा श्वास मोजायला आताच शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातला सदरा छातीपर्यंत वर करा. पोट वर आलं, खाली गेलं की एक. मोबाइलवर पूर्ण साठ सेकंद लावून मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान मुलांचा श्वास मध्येच थबकतो आणि आकडा चुकतो. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद चालला आहे. बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल तर आकड्याची वाट बघू नका.

ऑक्सिमीटर लावण्याआधी रुग्णाला पाच मिनिटं बसवा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश काढा. काढता न येणारी गडद मेंदी असेल तर दुसरं बोट वापरा. आकडा एक मिनिट स्थिर राहिला की तोच धरा. ९४ च्या खाली डॉक्टर, ९० च्या खाली १०८. सावळ्या त्वचेवर यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणून धाप दिसत असेल तर ९६ वर विसंबू नका.

घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवण्याचा मोह टाळा. रेग्युलेटर नीट बसवता आला नाही तर गळती होते, आणि प्राणवायू साचलेल्या खोलीत देवाजवळची निरांजनही आग भडकवते. शिवाय तो सिलिंडर ज्याला आज हवा आहे त्याला मिळत नाही. नाशकानं २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या टाकीची गळती सोसली आहे. प्राणवायू हे प्रशिक्षित माणसांच्या हातचं काम आहे.

आता हवेचं. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आतल्या खोलीला एकच खिडकी असते, कधी तीही नसते. आजारी माणसाला त्या आतल्या खोलीत ‘लांब’ ठेवलं तर तिथली हवा कोंदते आणि जेवण देणारीलाच लागण होते. त्याला खिडकीच्या खोलीत ठेवा. टेबलफॅन खिडकीत, तोंड बाहेर करून लावा आणि समोरचं दार बोटभर उघडं ठेवा, म्हणजे घरातली हवा आत येऊन बाहेर जाते. खोलीत जाताना मास्क दोघांनाही. एन-९५ चा फायदा कडा गालाला चिकटल्या तरच. दाढीवर तो बसत नाही, आणि झडप असलेला मास्क रुग्णाला देऊ नये, त्यातून बाहेर जाणारा श्वास गाळलाच जात नाही.

ताप उतरल्यावर औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास गेले की माणसानं खोलीबाहेर यावं, मास्क अजून काही दिवस ठेवावा.

टीसीएलचं पाणी

फ्लू मुख्यतः श्वासातून पसरतो. रस्ते आणि भिंती फवारण्यात पैसा घालवू नये, माणसांवर तर कधीच फवारू नये. दाराची कडी, नळ, संडासाचा मग, जिन्याचा कठडा एवढं पुसलं की पुरे.

ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्यासाठी येणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये ताजी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. दहा लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम घ्या. दरवेळी तोलायला नको म्हणून एकदा ३० ग्रॅम तोलून प्लॅस्टिकच्या पेल्यात ओता आणि पातळीवर मार्करची रेघ मारा. उघड्यावर, हातमोजे घालून, आधी थोड्या पाण्यात पावडर कालवा, मग बादली भरा. गाळ बसायला पंधरा मिनिटं द्या आणि वरचं निवळ वापरा. आधी साबणानं पुसून घ्या, कारण मळ असेल तर क्लोरिन त्यातच खर्च होतो. मग हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. धातूच्या भांड्यात करू नका, रोज ताजं करा. उघडं राहिलेलं किंवा दमटपणानं गोळे झालेलं टीसीएल दुबळं असतं, वास गेला असेल तर धरू नका. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडशी ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

गल्लीची यादी

हजार वस्तीची गल्ली किंवा सोसायटी धरा. तयारीचा हिशेब असा: एका लाटेत शंभरातले तीस आजारी पडले तर तीनशे माणसं, आणि लाटेच्या शिखराच्या आठवड्यात साठ-सत्तर एकदम झोपलेली. एक माणूस रोज आठ-दहा घरांची चौकशी नीट करू शकतो. म्हणजे सात-आठ जण लागले. त्यांतलेही काही आजारी पडणार, म्हणून बारा जण नेमा, आणि प्रत्येकाच्या जागी कोण हे आधीच लिहा.

माणसं शोधायला लांब जायला नको. गणेश मंडळ आणि बचत गट यांना कोणाच्या घरी कोण राहतं हे पाठ असतं. पन्नाशीच्या आतले, धडधाकट आणि लस घेतलेले निवडा. उत्साहानं पुढे येणाऱ्या सत्तरीच्या काकांना फोनवरचं काम द्या, तेही तितकंच मोलाचं. आशाताई साधारण हजार लोकांमागे एक असते. तिला सुरुवातीपासून सोबत घ्या, पण तिच्यावर सगळं टाकू नका.

वहीत प्रत्येक घराला एक पान. माणसं आणि वयं, कोण एकटं राहतं, कोण गरोदर, कोणाला रोजचं कोणतं औषध, कोण डायलिसिसवर, लहान मूल असेल तर आई-बाप दोघं पडल्यावर ते कोणाकडे जाणार, घराची दुसरी किल्ली कोणाकडे. हे शेवटचे दोन रकाने लोक कोरे सोडतात आणि साथीत नेमके तेच लागतात. वही कागदाचीच हवी, दोन प्रती, दोन घरांत. एकाच मोबाइलमधली यादी तो माणूस तापानं झोपला की गेली. आजारांची माहिती गल्लीच्या ग्रुपवर टाकायची नाही आणि दारावर कसलाही कागद चिकटवायचा नाही. नाव उघड झालं की लोक ताप लपवतात, आणि लपवलेल्या तापाच्या दारी कोणी पोचत नाही.

साथ सुरू झाली की दिवसातून दोनदा चौकशी, फोनवर किंवा दाराबाहेरून, मास्क लावून. चारच प्रश्न: सकाळपासून किती पेले पाणी गेलं? लघवी कधी झाली? बोलताना दम लागतो का? संडासापर्यंत चालत गेलात का? उत्तर स्वतः रुग्णाच्या तोंडून घ्या. एक वाक्य पूर्ण बोलताना तो मध्ये थांबला तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. फोन उचलला नाही तर अर्ध्या तासात दाराशी जायचं. डबा स्टुलावर ठेवून चार पावलं मागे सरायचं आणि आतून हात येऊन तो उचलेपर्यंत थांबायचं. डबा तसाच राहिला तर आत माणूस पडलेला असू शकतो.

प्रत्येक घरानं चौदा दिवसांचं सामान ठेवावं. चार माणसांना अंदाजे २० किलो धान्य, साडेतीन किलो डाळ, दीड लिटर तेल, आणि रोजची औषधं महिनाभराची. ज्यांना हे एकदम परवडत नाही त्यांच्यासाठी मंडळानं दहा घरांचा साठा करावा.

दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना वेगळं सांगणं आहे. द्राक्षांच्या काढणीचे महिने आणि हिवाळ्यातल्या फ्लूचे महिने एकच. पेठ-सुरगाण्याहून आलेली माणसं बागेतल्या एका शेडमध्ये दहा-पंधरा जण झोपतात. मुकादमाचा फोन यादीत घ्या, एक रिकामी खोली आजाऱ्यांसाठी ठेवा. आजारी दिवसाचा रोज कापला जाणार असेल तर माणूस ताप अंगावर काढून बागेत उभा राहतो आणि चार दिवसांत पूर्ण टोळी बसते. त्या दिवसांचा रोज किंवा निदान शिधा देणं मालकाच्याही हिताचं.

कोंबड्या आणि पाणपक्षी

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागात, नवापूरच्या कोंबड्यांत सापडला. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरच्या धरणावर स्थलांतरित पक्षी उतरतात, आणि रानबदकांत हा विषाणू आजार न दिसताही राहू शकतो. म्हणून परसातल्या कोंबड्या-बदकांना त्या काळात धरणाकाठी सोडू नका, डुकरं आणि कोंबड्या एका गोठ्यात ठेवू नका. एकदम मरतुक झाली तर पक्ष्यांना हात लावू नका, पाटात किंवा गोदावरीत फेकू नका, कापून विकू तर नकाच. पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ वर कळवा. बर्ड फ्लू ठरला तर साधारण एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. नुकसान होईल या भीतीनं लपवलं तर रोग पुढच्या शेडमध्ये जातो. मरतुक हाताळलेल्याला दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य कोंबड्यांबद्दलच सांगावं. पूर्ण शिजलेलं चिकन आणि कडक उकडलेली अंडी खायला हरकत नाही.

लस, आणि २०२७ चा पावसाळा

फ्लूची लस दरवर्षी नवी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम यायला दोन आठवडे जातात. विषाणूशी जुळणी चांगली असली तरी ती, लशीविना आजारी पडले असते अशा शंभरातल्या चाळीस ते साठ जणांचा आजार टाळते. पण झालेला आजारही सौम्य राहतो, आणि गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेही यांच्यासाठी हाच फरक मोठा. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, गोठली तर वाया जाते, म्हणून स्वतः विकत आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. नव्या महासाथीच्या विषाणूवर ही लस चालेलच असं नाही. त्याची लस तयार व्हायला काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांसाठीच वरची यादी आहे.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. फ्लूचा हंगाम, देशभरातून आलेली गर्दी आणि पंचवटीत घरोघरी उतरलेले पाहुणे, तिन्ही एकाच वेळी. त्या भागातल्या घरांनी जूनमध्येच लस घ्यावी, पाहुण्यांसाठी मास्कचं एक खोकं ठेवावं आणि ताप आलेल्या पाहुण्याला कोणत्या खोलीत ठेवायचं हे तो येण्याआधी ठरवावं.

यादीची चाचणी दर जूनच्या पहिल्या रविवारी घ्या. संध्याकाळी सहा ते आठ बाराही जणांनी आपापल्या घरांना फोन लावायचे. लागले नाहीत ते नंबर त्याच रात्री खोडून नवे लिहायचे, किल्ली आणि मुलं यांचे रकाने पुन्हा विचारायचे, ऑक्सिमीटरमध्ये नवे सेल घालायचे, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी नेऊन द्यायची.